सरकारी केसेसच्या ऑफिसात लीगल असिस्टंटचं काम कुणी केलंय का? (सातारा) जॉईन होऊ का नको?

उरमोडीकाठची

नमस्कार. मी सातारची. एलएलबी झालंय, एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) पास आहे, सनद (वकिलीचा परवाना) आहे आणि गेले सात महिने एका सिनियर वकिलांकडं ज्युनियर म्हणून जातेय. सर शिकवतात चांगलं पण घरी दोन लहान भावंडं शिकतायत आणि महिन्याच्या शेवटी हातात जे येतं त्यात घराला काही देता येत नाही. आता एका भूसंपादन ऑफिसात लीगल असिस्टंटची जागा निघालीय, अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट, एजन्सीमार्फत, पगार २२ हजार सांगितलाय. काम म्हणजे सरकारविरुद्ध ज्या केसेस चालू आहेत त्यांच्या फाईली सांभाळायच्या, सरकारी वकिलांना कागद पुरवायचे, परिच्छेदनिहाय अभिप्राय (दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर ऑफिसचं म्हणणं) तयार करायचे, तारखांना कोर्टात जायचं. एवढंच सांगितलं, बाकी जॉईन झाल्यावर कळेल म्हणाले.

मला विचारायचंय की हे काम रोजचं नक्की कसं असतं, त्यात कायदा शिकायला मिळतो का नुसतं बायंडिंग आणि झेरॉक्स. दुसरं, सनदेचं काय करायचं, कारण मला पुढं जेएमएफसी (न्यायाधीश पदाची परीक्षा) द्यायचीय. आणि तिसरं सगळ्यात अवघड आहे ते असं की आमची जमीन उरमोडीच्या धरणात गेली. वाढीव भरपाईसाठी आजोबांनी भूसंपादन कायद्याच्या कलम १८ चा अर्ज केला होता, मी शाळेत असताना त्यांच्याबरोबर कोर्टात गेलेय, पिशवीत सातबारे आणि जेवणाचा डबा घेऊन आजोबा दिवसभर बाकावर बसायचे आणि दुपारी कळायचं की सरकारकडनं रेकॉर्ड आलं नाही, पुढची तारीख. निकाल लागला तेव्हा आजोबा नव्हते. आता मी त्याच टेबलाच्या पलीकडं जाऊन बसायचं आणि दुसऱ्या कुणाच्या आजोबांच्या विरुद्ध कागद गोळा करायचे हे मनाला पटत नाहीये. आई म्हणते नोकरी आहे घे. बाबा काहीच बोलत नाहीत.

सोमवारपर्यंत कळवायचंय. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

जुनी बारनिशी

ताई, मी महसुलात ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्यातली शेवटची नऊ वर्षं भूसंपादनाच्या कोर्ट केसेस माझ्याच टेबलाला होत्या. सांगली जिल्ह्यात. तेव्हा लीगल असिस्टंट वगैरे पद नव्हतं, आम्हीच सगळं करायचो आणि कायद्याचं शिक्षण नसल्यामुळं चुका पण आम्हीच करायचो. म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर माफ करा.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की सरकार केस कोर्टात कमी हरतं आणि ऑफिसात जास्त हरतं. समन्स येतं ते बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक शाखेत. तिथं आवक शिक्का बसतो, मग साहेबांच्या टपालात, मग शाखेत, मग ज्या कारकुनाचं ते गाव त्याच्याकडं, तो रजेवर असेल तर टेबलावर. दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला कायद्यानं ३० दिवस आणि कोर्टानं वाढवून दिले तर ९० दिवसांपर्यंत. सरकार प्रतिवादी असलं की कोर्ट जास्तीची मुदत देतं कारण वरून सूचना याव्या लागतात हे कायद्यातच धरलंय, पण ती पण मोजकीच. आता सांगा, कागद आमच्या ऑफिसातच पंचवीस दिवस फिरला तर सरकारी वकील बिचारे काय लिहिणार? ते फोन करतात, अभिप्राय पाठवा, अभिप्राय पाठवा. आणि दावा लागायच्या आधी कलम ८० ची नोटीस येते, दोन महिन्यांची, ती कशासाठी असते, तर सरकारनं बघावं की या माणसाचं म्हणणं खरं असेल तर कोर्टात जायच्या आतच मिटवून टाकावं. २००५ साली सुप्रीम कोर्टानं सालेम बारच्या निकालात सांगितलं की या नोटिसांना उत्तर द्यायला अधिकारी नेमा. मी माझ्या नोकरीत नोटिसा जास्त करून फाईलला लागलेल्याच बघितल्या, उत्तर गेलेलं फार कमी. तुम्ही त्या टेबलाला बसलात तर हे पहिलं काम.

आता माझी एक चूक सांगतो, आजही मनातनं जात नाही. एका गावच्या अकरा संदर्भ केसेसचा (कलम १८ च्या अर्जांवरच्या) निकाल एकाच दिवशी लागला, वाढीव दर बराच जास्त दिला होता, अपील करण्यासारखं होतं असं सरकारी वकिलांचं मत होतं. नक्कल मागायचा अर्ज मी दिला कधी, तर सव्वातीन महिन्यांनी. कारण निकालाचं पत्र ज्या टपालात आलं ते इलेक्शनच्या गठ्ठ्यात गेलं होतं. हायकोर्टात अपिलाला ९० दिवस, नक्कल मिळवायला लागणारे दिवस वजा मिळतात पण अर्जच मुदत संपल्यावर केला तर त्याचा काही उपयोग नाही. मग विलंब माफीचा अर्ज, त्यात कारण काय लिहायचं, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली. पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडियाच्या निकालात २०१२ साली ४२७ दिवसांचा उशीर होता आणि सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की फाईल फिरत होती हे कारण आता चालणार नाही, सरकारला मुदतीचा कायदा वेगळा नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या भेरूलाल केसमध्ये ६६३ दिवसांच्या उशिराला २५ हजारांचा दंड लावला वर. तर आमची अकराच्या अकरा अपिलं उशिरावरच गेली, दराबद्दल एक शब्द बोलायला मिळाला नाही.

आणि उशीर नुसता अपिलाचा नसतो, पैशाचा पण असतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं दरसाल १५ टक्के व्याज. समजा कोर्टानं १० लाख वाढवून दिले आणि ताब्यापासून पैसे भरेपर्यंत दहा वर्षं गेली तर व्याज होतं १४ लाख ४० हजार. मुद्दलापेक्षा जास्त. त्यात ३० टक्के सोलेशियमवर (सक्तीनं जमीन घेतली म्हणून मिळणारी जादा रक्कम) पण व्याज द्यायचं हे २००१ च्या सुंदर केसपासून ठरलेलं आहे. शेतकऱ्याला तरी त्याचा काय आनंद, त्याला पैसे तेव्हा पाहिजे होते जेव्हा दुसरीकडं जमीन घ्यायची होती. म्हणजे रेकॉर्ड वेळेवर नेलं नाही की दोघांचं नुकसान, तिजोरीचं पण आणि तुमच्या आजोबांचं पण. बाकावर डबा घेऊन बसलेली माणसं मी पण बघितलीत ताई, आणि त्यातल्या काही तारखा माझ्यामुळं पडल्या होत्या.

तर माझं मत, काम घ्या.

कोरेगाव रोड वकील

ताई सनदेचं बोलतो, कारण त्यात गफलत झाली तर पुढची वर्षं जातात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात नियम ४९ आहे, वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, सरकारची असो नाहीतर खासगी. नोकरी धरली की महाराष्ट्र गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते, नोकरी सुटली की परत चालू करता येते. काही जण कळवत नाहीत, तसं अजिबात करू नका, पुढं जज व्हायचंय ना. सरकारी वकील सरकारचे असून कोर्टात उभे राहतात मग ते कसं असं विचाराल तर त्यांची नेमणूकच केस चालवण्यासाठी असते, दीपक अग्रवाल केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टानं हा फरक सांगितलाय. तुमची जागा ऑफिसातली आहे, तुम्ही सरकारतर्फे उभ्या राहणार नाही, त्यामुळं तुम्हाला तो आधार मिळणार नाही.

आता जेएमएफसी. २० मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आलीय. वकिली प्रोव्हिजनल नोंदणी झाल्यापासून मोजतात आणि दहा वर्षं जुन्या वकिलाचं सर्टिफिकेट लागतं, त्यावर तिथल्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांची सही. जजच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम धरतात, पण ऑफिसातला लीगल असिस्टंट म्हणजे लॉ क्लर्क नव्हे. सनद स्थगित असताना गेलेले अकरा महिने तुमच्या तीन वर्षांत येणार नाहीत असं धरूनच हिशेब करा. सात महिने झालेत, उरले दोन वर्षं पाच महिने, ते अकरा महिन्यांनी पुढं जातील, एवढाच खर्च आहे आणि तुमच्या वयात तो मोठा नाही असं मला वाटतं, पण तो डोळ्यापुढं ठेवून सही करा.

नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर दोन गोष्टी वाचा. पगार लिहिलाय का फी. केसमागं फी असेल आणि वेळेचं बंधन नसेल तर विषय वेगळा होतो. आणि पत्र ऑफिस देतंय का एजन्सी देतेय, एजन्सी देत असेल तर पीएफ आणि रजा त्याच्यात लिहून घ्या, तोंडी काही धरू नका.

दुसरी वाट पण आहे. एखाद्या सहायक सरकारी वकिलांकडं ज्युनियर म्हणून जायचं. सनद चालू राहते, सरकारी बाजूचं काम शिकता येतं, कैफियत, कागदयादी, पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) सगळं हाताखालनं जातं. पैसे मात्र तिथं पण जास्त नाहीत हे सांगून टाकतो.

उरमोडीकाठची

वकीलसाहेब, हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे अकरा महिने पुढं जाणं, बाकी काही बुडत नाही.

काका, तुमचं वाचून रात्री बाबांना मोबाईल दिला वाचायला. ते दोनदा वाचले आणि म्हणाले या माणसानं कबूल तरी केलं.

सध्या कुणी या पदावर काम करतंय का? रोजचा दिवस कसा असतो?

आयर्विन पूल

मी करतेय. सांगलीत, चौथं वर्ष चालू आहे, काँट्रॅक्ट दरवर्षी रिन्यू होतं (आणि दरवर्षी महिनाभर जिवाला घोर असतो, ते पण माहीत असू दे). माझ्याकडं कालव्याच्या जमिनी आहेत, टेंभू, ताकारी म्हैसाळ.

दिवस असा. सकाळी घरातनं निघायच्या आधी ई-कोर्टवर आजचा बोर्ड बघायचा. प्रत्येक केसचा सीएनआर नंबर, सोळा अक्षरी, तो मी सगळ्या फाईलींच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलाय, आधी फक्त एलएआर नंबर (भूसंपादन संदर्भ केसचा नंबर) असायचा आणि साल चुकलं की दुसऱ्याच माणसाची केस उघडायची. मग विजयनगरला कोर्टात. आमचं नशीब की कलेक्टर ऑफिस पण तिथंच जवळ आहे त्यामुळं एखादा कागद राहिला तर पळत जाऊन आणता येतो. आपण युक्तिवाद करायचा नसतो, आपण सरकारी वकिलांच्या मागं उभं राहायचं आणि ते हात मागं करतील तेव्हा त्या हातात बरोबर तोच कागद द्यायचा. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण उलटतपास चालू असताना साक्षीदार म्हणतो की माझी जमीन बागायत होती आणि त्याच वेळी त्या वर्षाचं पीकपाणी तुमच्या हातात निघालं पाहिजे, पुढच्या वर्षाचं नाही.

दुपारनंतर ऑफिस. निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश), संयुक्त मोजणीचा तक्ता, फेरफार, गुणाकार बुक (मोजणीवरनं क्षेत्र काढल्याची वही), कलम ४ च्या (संपादनाच्या पहिल्या अधिसूचनेच्या) आसपासचे खरेदी-विक्रीचे दाखले, ताबा पावती. हे सगळं मागवायला तलाठ्यांना फोन (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), भूमी अभिलेखला पत्र, सबरजिस्ट्रारला पत्र. फोटो किंवा प्रिंट असेल तर नुसती जोडून चालत नाही, आधी पुरावा कायद्याच्या ६५ ब चं सर्टिफिकेट लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३ आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) पण भरायची असते, आमच्याकडं सुरुवातीला ती काय असते हेच कुणाला माहीत नव्हतं, मी रात्री बसून शिकले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं परिच्छेदनिहाय अभिप्राय. जुन्या फाईली बघशील तर प्रत्येक परिच्छेदासमोर एकच वाक्य असतं, "सदर मजकूर मान्य व कबूल नाही". ओळीनं चौदा वेळा. आता दिवाणी कायद्यात आदेश ८ असं सांगतो की नाकारायचं असेल तर मुद्दा धरून नाकारा, मोघम नाकारलं तर ते कबूल धरलं जाऊ शकतं. म्हणजे चौदा वेळा मान्य नाही लिहून आपण बाजू मांडलीच नाही. परिच्छेद ३ मध्ये क्षेत्र चुकलंय का, किती, कुठल्या कागदावरनं चुकलंय, तो कागद कुठाय, असं लिहायचं. आणि जे खरं आहे ते खरं आहे असं पण लिहायचं.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर येते, मला पण तोच प्रश्न होता, माझं माहेर कवठेमहांकाळकडचं आहे, पाणी नसलेलं गाव कसं असतं ते मला माहितेय आणि कालव्यात जमीन गेलेल्या माणसाचं तोंड पण माहितेय.

पहिल्या वर्षी एक केस होती. अर्जदार म्हणत होता की माझ्या गटात बांधीव विहीर होती, निवाड्यात तिचे पैसे धरलेच नाहीत. आमच्या बाजूनं जुन्या कारकुनानं लिहून ठेवलं होतं की विहीर नव्हती. मी अभिप्राय टाईप करायला घेतला आणि मूळ रेकॉर्ड मागवलं. लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, उघडल्या उघडल्या धूळ आणि आतल्या टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या. संयुक्त मोजणीचा तक्ता तीन पानी होता. पहिल्या दोन पानांची झेरॉक्स सगळ्या फाईलींत होती, तिसऱ्या पानाची कुठंच नव्हती, कारण ते पान मागच्या पत्राला चिकटलं होतं. मी पट्टीनं हळूहळू सोडवलं. त्याच्यावर निळ्या शाईत, गट नंबर, आंबा २, सीताफळ ११, नारळ १, आणि खालच्या ओळीत विहीर १ बांधीव. शेजारी तिघांच्या सह्या आणि अर्जदाराच्या वडिलांचा अंगठा.

मला पंधरा मिनिटं काय करावं कळंना. ते पान परत चिकटवून ठेवलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. मी सरकारी वकील मॅडमकडं गेले, पान दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे उद्याच्या यादीत लावा. मी म्हटलं मॅडम आपल्या विरुद्ध जातंय. त्या म्हणाल्या आपण सरकार आहोत, आपल्याला विहीर लपवायची नसते, विहिरीची किंमत किती एवढंच आपलं भांडण. दुसऱ्या दिवशी पान दाखल केलं, विहीर होती हे कबूल, फक्त मूल्यांकनाबद्दल वाद. विहिरीसाठी त्यांनी तीन साक्षीदार आणायचे ठेवले होते, त्यांची गरजच पडली नाही, तेवढ्या तारखा वाचल्या. मागणी केली होती त्यापेक्षा कमी पण रास्त किंमत कोर्टानं धरली. अर्जदार बाहेर आला, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलला नाही, नुसते हात जोडले. मी पण जोडले.

दुसरीकडं असंही झालंय की कलम ४ ची नोटीस निघाल्यावर रातोरात लावलेली डाळिंबाची रोपं जुनी बाग म्हणून दाखवली होती, आणि त्या वर्षीचं पीकपाणी आणि मोजणीचा तक्ता काढून आम्ही ते खोटं पाडलं. तेही मला तेवढंच बरोबर वाटतं, कारण तो पैसा टेंभूच्या पुढच्या टप्प्याचा, कुणाच्या तरी गावाला पाणी जायचं असतं त्यातनं.

कुणाच्या विरुद्ध कागद गोळा करायचे असं मनात घेऊन येऊ नकोस. कागद गोळा करायचे, सगळे.

धोम उजवा

मी दुसऱ्या बाजूचा. शेतकरी. आमची कालव्यात गेली. जास्त शिकल्यालो नाय, पोरगा टाईप करतोय.

पोरी तुझ्या आजोबांचं वाचलं, आमचं बी तसंच. आमच्या केसला बावीस तारखा नुसत्या रेकॉर्ड आलं नाही म्हणून पडल्या, मी वहीत लिहून ठेवल्यात. शेवटी निकाल लागला तर पैसे भरंनात. सरकारवर हुकूमनामा झाला तरी तीन महिने थांबावं लागतं मग दरखास्त (वसुलीचा अर्ज) चालते, तीन महिने कशाचे, दोन वर्षं थांबलो. मग कोर्टानं जप्तीचं वॉरंट काढलं आणि आम्ही बेलिफाबरोबर ऑफिसात गेलो जीप जप्त करायला. लोकांना वाटतं यात आम्हाला मजा आली असंल. नाय आली. तिथला ड्रायव्हर माझ्या मामाच्या गावचा निघाला, तो खाली मान घालून चावी घेऊन उभा. मला लाज वाटली आणि राग पण आला. पैसे तिसऱ्या दिवशी भरले. म्हणजे पैसे होते, कुणीतरी कागद हलवायचा राहिला होता.

आणखी एक. आमच्या निकालानंतर शेजारच्या ज्यांनी कोर्टात अर्जच केला नव्हता त्यांना भूसंपादन कायद्याच्या कलम २८ अ खाली आमच्याच दरानं मागता येत होतं, निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. कुणी सांगितलंच नाही. चौघांची मुदत गेली. त्यातली एक विधवा बाई हाय, अजून म्हणती दादा तुमाला मिळालं. तू त्या टेबलावर बसलीस आणि कुणी विचारायला आलं तर मुदत सांग त्यांना, एवढंच.

जा तू. चांगलं माणूस तिथं असायला पायजे.

जुनी बारनिशी

धोमवाले दादा, २८ अ चं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं नाही, पण खरं आहे. आमच्या ऑफिसात पण आम्ही स्वतःहून कधी सांगितलं नाही.

आयर्विन पूल

एक राहिलं. आता सगळ्यात मोठा बदल म्हणजे मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू झालं, सातारा सांगली कोल्हापूर सोलापूर रत्नागिरी सिंधुदुर्ग सगळे तिकडं. आधी अपिलाचं शपथपत्र करायचं म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, सकाळी मुंबईत उतरून हायकोर्टातल्या सरकारी वकिलांचं ऑफिस गाठायचं, तिथं कळायचं की एक परिशिष्ट कमी आहे. एका सहीसाठी दोन दिवस आणि प्रवासखर्चाचं बिल सहा महिन्यांनी. आता सांगलीवरनं सकाळी निघून संध्याकाळी घरी. त्यामुळं उशिराला कारण सांगायची सोय पण राहिली नाही, हे लक्षात ठेव.

उरमोडीकाठची

सगळ्यांना सांगायचं राहिलं, मी जॉईन झालेय. दहा दिवस झाले. सनद स्थगितीचा अर्ज आधी पाठवला मग हजर झाले. सिनियर सर म्हणाले अकरा महिन्यांनी परत ये, टेबल ठेवतो.

आयर्विन ताई, पहिल्याच आठवड्यात दोन फाईलींत "मान्य व कबूल नाही" वालं सापडलं, एकीत नऊ वेळा. परत लिहायला घेतलंय. धोमवाले काका, २८ अ ची मुदत मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावायची परवानगी साहेबांकडं मागितलीय, अजून हो म्हणाले नाहीत पण नाही पण म्हणाले नाहीत.

बारनिशी काका, एक हिशेब तपासून द्याल का. कपाटात एक निकाल सापडलाय, जुन्या (१८९४ च्या) कायद्याखालची संदर्भ केस, निकाल ३ नोव्हेंबर २०२५ चा. नक्कल मागायचा अर्ज १० नोव्हेंबरला दिलेला आहे, नक्कल आमच्या शिपायानं ९ डिसेंबरला आणली. सरकारी वकिलांचं मत अपील करावं असं आहे. मी १० नोव्हेंबर ते ९ डिसेंबर असे ३० दिवस वजा धरले आणि शेवटची तारीख ३ मार्च काढली. बरोबर आहे का?

जुनी बारनिशी

नाही ताई, चुकलं. नकलेच्या शेवटच्या पानाच्या मागं शिक्का बघा, तीन तारखा असतात, अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची. तयार झाल्याची तारीख सांगा.

उरमोडीकाठची

तयार २८ नोव्हेंबर. दिली ९ डिसेंबर.

जुनी बारनिशी

मग १० ते २८ नोव्हेंबर एवढेच १९ दिवस वजा मिळतील. नक्कल तयार होऊन पडली होती आणि आपण आणायला गेलो नाही ते अकरा दिवस आपल्याच अंगावर. निकालाचा दिवस धरायचा नाही, ४ नोव्हेंबरपासून मोजा, ९० वा दिवस येतो १ फेब्रुवारीला, त्यात १९ मिळवले की २० फेब्रुवारी २०२६, शुक्रवार. तुमच्या ३ मार्चच्या हिशेबानं गेला असता तर अपील अकरा दिवस उशिरा लागलं असतं.

आता वहीत २० फेब्रुवारी लाल शाईनं लिहा आणि त्याच्या वर २० जानेवारी लिहा, त्या तारखेला फाईल मंजुरीसह कोल्हापूरला सरकारी वकिलांच्या ऑफिसात पोचलेली पाहिजे, कारण विधी व न्याय विभागाकडं प्रस्ताव जाऊन यायलाच दिवस जातात. प्रस्ताव उद्याच पाठवा, शनिवार असला तरी साहेबांची सही घरी जाऊन घ्या. जावक नंबर पडला की मला सांगा.

उरमोडीकाठची

घेतली सही. जावक नंबर पडला काका, आज दुपारी.